संकरित मिरची बीजोत्पादन : कोणत्या कामावर कोणता हात ?

जालना जिल्हा बियाण्यांचा जिल्हा म्हणून सर्वांना परिचित आहे. कै. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हा कपाशीचा संकरित वाण दिला आणि हाताने फूल फलवून बी तयार करण्याचे काम प्रयोगशाळेतून शेतकऱ्याच्या बांधावर आले. आज भोकरदन, जाफराबाद आणि शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा या भागांत शेडनेटमधील मिरची, टोमॅटो, काकडी अशा भाजीपाल्याचे बीजोत्पादन अनेक गावांत होते. जालना-भोकरदन रस्त्यावरील आमचे केदारखेडाही त्याला अपवाद नाही.

शेडनेट कसे उभारावे, ठिबकमधून खत किती द्यावे, थ्रिप्ससाठी कोणते औषध फवारावे या विषयांवर शेतकरी बांधवांना भरपूर माहिती मिळते. परंतु सकाळी नेटच्या दारात आठ बाया आणि दोन गडी येऊन उभे राहिल्यावर कोणी कोणत्या ओळीला बसायचे, कोणाच्या हातात चिमटा द्यायचा आणि कोणाच्या हातात परागाची डबी, हे कोण ठरवते? बहुतेक ठिकाणी कोणीच ठरवत नाही. जी आधी आली ती पहिल्या ओळीला बसते. दहा गुंठ्यांच्या नेटमध्ये नफा-तोटा ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट अशी आपोआप ठरून जाते. प्रस्तुत लेखात याच बाबीचा विचार केला आहे.

कामाचे तुकडे

आपण 'क्रॉसिंग' हा एकच शब्द वापरतो, पण त्यात अनेक वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा गुण लागतो.

मादी वाणाच्या झाडावरील दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी ओळखणे, हे पहिले काम. कळी पांढरी, फुगलेली, पण मिटलेली हवी. आतील परागकोश फुटलेले नसावेत. कळी फार लहान घेतली तर स्त्रीकेसर कोवळे राहते व मोडते, फार मोठी घेतली तर आत परागकण सांडून गेलेले असतात. दुसरे काम म्हणजे ती कळी चिमट्याने उघडून सर्व परागकोश काढणे, यालाच नपुंसकीकरण म्हणतात. मिरचीच्या फुलात साधारण पाच-सहा परागकोश असतात. त्यातला एकही आत राहता कामा नये आणि मधल्या स्त्रीकेसराला चिमट्याचे टोकही लागता कामा नये. हे काम दुपारी तीननंतर ऊन कलल्यावर चालते. या कामाला जवळची नजर, स्थिर हात आणि न कंटाळणारे मन लागते. वेग दुय्यम आहे.

तिसरे काम नर वाणाची फुले पहाटे तोडून परागकोश वेगळे करणे, ते सावलीत वाळवून पराग चाळून घेणे. येथे स्वच्छता आणि वेळेचे भान हवे. चौथे काम, सकाळी साधारण दहा-साडेदहापर्यंत आदल्या दिवशी सोललेल्या प्रत्येक कळीच्या स्त्रीकेसराच्या टोकावर पराग लावणे. येथे चपळाई लागते आणि एकही कळी न सोडण्याची सवय लागते. पाचवे काम रोज उमललेली फुले आणि दोरा नसलेली फळे तोडून टाकण्याचे. ते सोपे समजून कोणालाही दिले जाते. वास्तविक हे राखणदाराचे काम आहे. दोरा नसलेले एक लाल फळ तोडणीत मिसळले की त्यातील सगळे बी स्वपरागित असते. शिवाय भेसळ झाडे ओळखून उपटणे, फवारणी, तोडणी, बी काढणे आणि नोंदवही ही कामे आहेतच.

एका कामात झालेली चूक दुसऱ्या कामातील हुशारीने भरून निघत नाही, हे या कामांचे वैशिष्ट्य आहे. संध्याकाळी परागकोशाचा तुकडा आत राहिला, तर सकाळी कितीही काळजीने पराग लावला तरी त्या फळात मादी वाणाचेच बी तयार होऊ शकते. ते बी दिसायला अगदी सारखे असते. ते पकडले जाते ते पुढे, ग्रो-आऊट चाचणीत झाडे उगवून वाढल्यावर, आणि तेव्हा आपला हंगाम संपलेला असतो. शासकीय बीज प्रमाणीकरणात संकरित कपाशीसाठी आनुवंशिक शुद्धता किमान ९० टक्के लागते. भाजीपाल्यात कंपनीच्या करारात जी टक्केवारी लिहिलेली असते ती सहसा याहून कडक असते. त्याखाली बियाणे गेले की पूर्ण लॉट नापास होतो. दहापैकी नऊ बायांनी चोख काम केले म्हणून नऊ दशांश पैसे मिळतात असे नाही.

आमच्या घरचा अनुभव

२०१६ च्या हंगामात केदारखेडा शिवारातील आमच्या दहा गुंठ्यांच्या नेटची व्यवस्था वडिलांनी माझ्याकडे सोपवली. मी नुकताच एम.एस्सी. (कृषि) झालो होतो. क्रॉसिंगला आठ बाया होत्या, त्याशिवाय मी आणि माझा चुलत भाऊ. सर्वांना सारख्या ओळी वाटल्या, सर्वांना एकाच पांढऱ्या दोऱ्याची लडी दिली, आणि संध्याकाळी कोणाच्या किती कळ्या झाल्या एवढेच विचारत गेलो. जिच्या जास्त, तिचे कौतुक.

पीक उत्तम आले. बीही चांगले भरले. चाचणीत मात्र लॉट नापास झाला, कारण स्वपरागित झाडांचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले होते. बियाण्याचा भाव मिळाला नाही, घेतलेली उचल अंगावर राहिली, आणि बी काढून घेतलेल्या मिरचीला बाजारात तरी काय किंमत येणार!

मग दोष कोणाचा याची चर्चा घरात आणि पारावर सुरू झाली. सर्वांचे बोट टोळीतील सर्वांत वयस्कर मावशींकडे गेले. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही हे सर्वांना ठाऊक होते, तेवढा पुरावा पुरेसा झाला. पुढच्या वर्षी त्यांना निरोप पाठवायचा नाही असे ठरत होते. माझ्या आईने विरोध केला. ती म्हणाली, "वीस वर्षं कपाशीचं क्रॉसिंग केलेली बाई आहे. कशावरून तिचंच चुकलं, ते दाखव." मला काही दाखवता आले नाही. कोणती कळी कोणाच्या हातची, याची नोंदच नव्हती. २०१६ चा दोष नेमका कोणाचा हे आजही सांगता येणार नाही.

२०१७ मध्ये प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा लोकरी दोरा दिला. कळी सोलणाऱ्यानेच तिला आपला दोरा बांधायचा. रोज संध्याकाळी प्रत्येक रंगाच्या वीस कळ्या भिंगाखाली पाहायच्या आणि वहीत लिहायचे. आठवडाभरात चित्र स्पष्ट झाले. मावशींच्या कळ्या संख्येने कमी, पण बहुतेक सर्व स्वच्छ. दोन तरुण मुलींच्या कळ्या भरपूर आणि स्वच्छ. एका जणीचे परागकोश पूर्ण निघत, पण स्त्रीकेसर दुखावलेले असे. आणि परागकोशाचे तुकडे सर्वांत जास्त ज्या रंगाच्या दोऱ्यात सापडले, तो निळा दोरा माझा होता. पदव्युत्तर शिक्षणात फुलाची रचना मी तोंडपाठ केली होती, पण चिमटा मात्र माझ्या हातात बसत नव्हता.

मला चिमट्यावरून काढून पराग वाळवणे आणि नोंदवही यांवर बसवण्यात आले. तेथे माझे शिक्षण उपयोगी पडले. मावशींना भोकरदनला नेऊन डोळे तपासून जवळचा चष्मा करून दिला. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसणे हा वयाचा धर्म आहे, त्याने हातातले कसब जात नाही. चष्म्यानंतर त्यांच्या कळ्यांची संख्या वाढली. त्या वर्षी लॉट उत्तीर्ण झाला. मावशींना मी वर्षभर मनातल्या मनात दोषी धरले होते, ते त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

पारख कशी करावी

हंगाम सुरू होण्यापूर्वी परसातील किंवा बांधावरील साध्या मिरचीच्या झाडांवर प्रत्येक मजुराकडून पन्नास कळ्या सोलून घ्याव्यात. पहिल्या दहा सोडून द्याव्यात, कारण मालक शेजारी उभा असला की हात थरथरतो. उरलेल्या चाळीस भिंगातून पाहाव्यात. किती कळ्यांत परागकोश राहिले आणि किती कळ्यांत स्त्रीकेसर जखमी झाले, हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत. हे दोन दोष सारखे नाहीत. स्त्रीकेसर जखमी झाले तर फळ लागत नाही, म्हणजे उत्पन्न घटते. परागकोश राहिला तर फळ लागते आणि भेसळ होते, म्हणजे संपूर्ण लॉट धोक्यात येतो. पहिला दोष सरावाने बराचसा जातो. दुसरा दोष आठवडाभरात गेला नाही तर त्या व्यक्तीला चिमट्यावरून हलवावे आणि दुसरे काम द्यावे.

खरी परीक्षा पुढे आठ-दहा दिवसांनी होते, तेव्हा दोऱ्याच्या रंगानुसार फळधारणा मोजावी. समजा, एका बाईने एका संध्याकाळी ६०० कळ्या सोलल्या आणि शेकडा ४० टिकल्या, तर फळे मिळाली २४०. दुसरीने ४०० सोलल्या आणि शेकडा ७० टिकल्या, तर फळे २८०. वहीत ६०० वाली पुढे दिसते, पण झाडावर ४०० वाली पुढे आहे. शिवाय पहिलीच्या ६०० कळ्यांना सकाळी परागही ६०० वेळा लावावा लागला, तो खर्च वेगळाच.

येथे एक गफलत होऊ शकते. फळ लागले नाही म्हणजे कळी सोलणारीच चुकली असे नाही, पराग लावणारीकडूनही ती सुटलेली असू शकते. यासाठी सोलणाऱ्या बायांच्या ओळी दर दोन-तीन दिवसांनी बदलाव्यात, म्हणजे एकाच ओळीत सर्व रंगांचे दोरे मिसळतात. पराग लावणारीला मात्र ठरावीक ओळी द्याव्यात. संपूर्ण ओळीत सर्वच रंगांची फळधारणा कमी असेल तर पराग किंवा पराग लावणारी यांकडे पाहावे. सर्व ओळींत एकाच रंगाची कमी असेल तर तो चिमट्याचा दोष समजावा. चौथी-पाचवी शिकलेल्या बायांनाही हा हिशेब लगेच समजतो. किंबहुना आमच्याकडे दोन बायांनी आपल्या रंगाची फळे आपणहून मोजायला सुरुवात केली होती.

संध्याकाळ आणि सकाळ यांचा मेळ

प्रत्येक कामावर चांगला हात बसवला तरी दोन कामांचा मेळ बसला नाही तर नुकसान होते. समजा, आठ जणींनी मिळून संध्याकाळी ३२०० कळ्या सोलल्या. सकाळी पराग लावणारी एक बाई तासाला ३०० फुले करते आणि हाताशी तीन तास आहेत, म्हणजे एकीची ९०० फुले. या कामावर दोघीच ठेवल्या तर १८०० होतील आणि १४०० कळ्या वाया जातील. चार जणी ठेवल्या तर सर्व कळ्या वेळेत आटोपतील. उरलेल्या चौघींना तेवढ्या वेळात उमललेली फुले तोडण्यास लावता येते. प्रत्येकाने आपल्या नेटमधील आकडे स्वतः मोजूनच हे गणित मांडावे, माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

कारखानदारीत या विषयाचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी एका पोलाद कारखान्यात फावड्याने माल उचलणाऱ्या कामगारांचे निरीक्षण केले आणि एका वेळी साधारण साडेनऊ किलो माल उचलला तर दिवसभराचे काम सर्वांत जास्त होते असे मांडले. मग हलक्या मालाला मोठे फावडे आणि जड मालाला लहान फावडे, अशी अवजारे वेगवेगळी केली. १९११ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील अवजाराची गोष्ट आपण घ्यावी : सर्वांना एकच चिमटा देऊ नये, दोन-तीन प्रकारचे आणून ज्याच्या हातात जो बसेल तो द्यावा. मात्र कामगाराला न विचारता वरून सर्व ठरवण्याची टेलर यांची रीत मला पटत नाही. कोणत्या कामात पाठ दुखते, कोणत्या वेळी डोळे थकतात, हे ज्याचे त्यालाच माहीत असते.

आपल्या गावगाड्यात काम जन्मावरून ठरत असे. सुताराचा मुलगा सुतार, मग त्याच्या हातात वाकस बसो वा न बसो. ती पद्धत मोडली, पण सवय पूर्ण मोडलेली नाही. फवारणी पुरुषाची आणि क्रॉसिंग बाईचे, हे आजही कोणी न विचारता ठरलेले असते. पुरुषाचा रोज जास्त आणि बाईचा कमी, हेही त्याच्याबरोबरच ठरते. सारख्या कामाला सारखे वेतन देण्याचा कायदा १९७६ मध्ये झाला, तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब पाहा : नेटमधील उत्पन्न ज्या हातावर उभे आहे त्याला सर्वांत कमी रोज देणे हा कोणता व्यवहार?

फवारणीचेही तसेच. कोणीही मोकळा गडी दिसला की त्याच्या पाठीवर पंप दिला जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. ज्याला लेबलवरील सूचना वाचता येतात, जो हातमोजे व मास्क न कंटाळता वापरतो आणि ज्याच्या अंगावर उघडी जखम नाही, त्यालाच हे काम द्यावे. नेट बंदिस्त असल्याने फवारणीनंतर औषधाच्या लेबलवर सांगितलेला काळ लोटल्याशिवाय बायांना आत पाठवू नये.

तंबाखू मळणारा हात हा आणखी एक मुद्दा. मोझॅकचा विषाणू तंबाखूतून हातावर आणि हातावरून मिरचीच्या झाडावर जातो. ज्यांना तंबाखू किंवा मिश्रीची सवय आहे त्यांना कामावरून काढण्याचे कारण नाही, परंतु नेटच्या दारात साबण-पाणी ठेवून हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही, हा नियम मालकासह सर्वांना लावावा. लाल-हिरव्यातील फरक न कळणारे काही पुरुष असतात, स्त्रियांत हा दोष क्वचित आढळतो. अशा व्यक्तीला लाल फळांच्या तोडणीवर किंवा दोऱ्याच्या मोजणीवर ठेवू नये.

लहान मुलांची बोटे

कपाशीच्या बीजोत्पादनात पूर्वी लहान मुलींना सर्रास कामाला लावले जाई. मुलांची बोटे बारीक, त्यामुळे काम नाजूक होते, असे समर्थन आजही कानावर येते. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला असून १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर मजूर म्हणून ठेवणे गुन्हा आहे. घरच्या मुलाने शाळेच्या वेळेबाहेर वा सुटीत घरच्यांना मदत करण्यापुरतीच सूट आहे. तांत्रिकदृष्ट्याही हे समर्थन टिकत नाही. बारीकपणा चिमट्याच्या टोकात असतो, बोटात नव्हे, आणि सहा-सात आठवडे रोज एकाच कामावर लक्ष ठेवणे हे मोठ्या माणसालाही कठीण जाते. आमच्या वहीतील सर्वांत स्वच्छ कळ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायांच्या होत्या.

मजुरी आणि सुट्या

माती भरणे, तारा ओढणे, खड्डे करणे ही कामे गुत्त्याने द्यावीत, त्यात दोघांचाही फायदा होतो. क्रॉसिंग मात्र कळ्यांच्या नगावर देऊ नये. नगावर पैसे दिले की हात धावतो आणि परागकोश आत राहतात. रोज ठरलेला द्यावा आणि भिंगाखाली स्वच्छ निघालेल्या कामावर व फळधारणेवर आठवड्याला वेगळे बक्षीस द्यावे. बक्षिसाचा नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावा.

क्रॉसिंगचा काळ नेमका सणासुदीचा आणि सुगीचा असतो. पोळा, महालक्ष्म्या, त्यानंतर सोयाबीनची काढणी आणि दसऱ्याच्या सुमारास कपाशीची पहिली वेचणी. सोयाबीनच्या गुत्त्यात चार दिवसांत चांगले पैसे मिळतात, मग नेटमध्ये कोण थांबेल? बायांना दोष देऊन उपयोग नाही. प्रत्येक नाजूक कामासाठी एक मुख्य आणि एक राखीव व्यक्ती हंगामाच्या सुरुवातीलाच तयार करावी. राखीव व्यक्तीने आठवड्यातून एक दिवस ते काम प्रत्यक्ष करावे, नुसते पाहू नये. शेजारच्या दोन-तीन नेटवाल्यांनी सावड केली तर महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांतही पाळीपाळीने माणसे मिळतात. माणसे कमी पडणारच असतील तर आदल्या संध्याकाळी कळ्याही त्या बेतानेच सोलाव्यात आणि उमलू घातलेली उरलेली फुले तोडून टाकावीत. सोललेली कळी वाया गेली तर मजुरी बुडते, न तोडलेले फूल मात्र फळ होऊन लॉट बुडवते.

पारखीसाठी लागणारे साहित्य खर्चिक नाही. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, लोकरीच्या आठ-दहा रंगांच्या लड्या आणि एक शंभर पानी वही एवढे पुरते. लोकरीचे रंग निवडताना हिरवा टाळावा, तो पानांत दिसत नाही. लालही टाळावा, कारण फळे पिकल्यावर तो फळांत हरवतो. नवीन नेट घेणाऱ्यांनी रोपवाटिकेच्या काळातच, म्हणजे हातात वेळ असताना, आपल्या टोळीसह जालन्याजवळील खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. जाताना फक्त मालकाने जाऊ नये, ज्यांच्या हातात चिमटा राहणार आहे त्यांना सोबत न्यावे.